एका दमात किती प्रती?

गेल्या अंकात कम्युनिस्ट राजवटींतल्या भूमिगत प्रकाशनांवर लेख होता. सोव्हिएत संघ, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया इथे सरकारी परवानगीशिवाय लोक घरच्या घरी पुस्तकं आणि पत्रकं कशी काढत, याची, म्हणजे रशियात ज्याला ‘समिझदात’ म्हणत त्याची, त्यात धावती ओळख होती. त्यावर बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागातून पत्रं आली, आणि बहुतेकांना ‘का’पेक्षा ‘कसं’ हे जाणून घ्यायचं आहे. सीमाभागात एकेकाळी गल्लीगल्लीत टायपिंगचे वर्ग होते आणि मोर्चाच्या आदल्या रात्री सायक्लोस्टाइल फिरत असे, तेव्हा प्रश्नही तसेच नेमके आले आहेत.

मी तीस वर्षं टायपिंग शिकवलं. कार्बन घालून आमच्याकडे चार प्रती सुबक निघत, पाचवी पुसट. रशियात एका वेळी दहा-बारा प्रती काढत, हे खरं मानायचं का? आणि मध्येच चूक झाली तर काय करत?
— निवृत्त शिक्षिका, खानापूर

बाई, तुमचं गणित बरोबर आहे आणि त्यांचंही. फरक कागदाचा. वर्गातला फूलस्केप चौरस मीटरला साधारण ६०-७० ग्रॅम वजनाचा असतो. मॉस्को-लेनिनग्राडमध्ये वापरत तो कागद सिगारेटच्या कागदासारखा. तिकडे त्याला नावही तेच होतं. आपल्या एअरमेलच्या कागदाची आठवण होईल असा. साध्या कागदावर चार-पाच प्रती निघत. या पातळ कागदावर आठ-दहा सहज, आणि हात भक्कम असला तर त्याहून जास्त.

थप्पी लावायची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: कागद, कार्बन, कागद, कार्बन, शाईची बाजू पुढच्या कागदाकडे. खरी अडचण थप्पी यंत्रात घालताना येते. वीसेक पातळ पापुद्रे रूळावर चढताना एकमेकांवरून घसरतात, मग वरच्या प्रतीत ओळ सरळ आणि खालच्या प्रतीत तिरकी. म्हणून थप्पीच्या वरच्या कडेवर कागदाची दुमडलेली पट्टी टोपीसारखी बसवायची, कागद सोडायची कळ उघडून थप्पी आत घ्यायची, चार बोटं वर आली की कडा जुळवायच्या आणि मगच कळ बंद करायची. घाईत कळ आधी बंद केली तर कार्बनला सुरकुती पडते आणि प्रत्येक पानावर झाडाच्या फांदीसारखी काळी रेघ उमटते.

रूळाचं रबर कडक हवं. मऊ रबर ठोका गिळतं. ठोका जोरात दिला तर पूर्णविराम आणि ‘ओ’सारखी गोल अक्षरं वरच्या दोन-तीन पानांना भोकं पाडतात, हळू दिला तर खालच्या प्रती कोऱ्या राहतात. सगळ्यांत खालच्या पुसट प्रतीला रशियन टंकलेखक ‘आंधळी प्रत’ म्हणत. ती उजेडाकडे धरून वाचावी लागे, पण फेकली जात नसे.

चुकीचं म्हणाल, तर दहा प्रतींवर खोडरबर चालवायचं म्हणजे दहा ठिकाणी कार्बनच्या आड चिठ्ठी सरकवायची. त्यापेक्षा चुकलेल्या शब्दावर फुल्या मारून पुढे जात. समास नाही, ओळींत अंतर नाही, कारण कागद मिळवणं हेच मोठं काम होतं. एकाच दुकानातून पाच रिमं (एक रिम म्हणजे ५०० कागद) घेणारा माणूस लक्षात राहतो, म्हणून थोडाथोडा कागद वेगवेगळ्या दुकानांतून.

आता तुमच्या परीक्षेच्या वेगाने हिशेब करा. मिनिटाला ३० शब्द, गच्च भरलेलं पान ५०० शब्दांचं. पानाला १७ मिनिटं. ३०० पानांच्या पुस्तकाला ८५ तास. दिवसभराची नोकरी करून रोज रात्री तीन तास बसलं तर महिना गेला, आणि हातात दहा प्रती. यंत्राखाली घडी घातलेली घोंगडी, खोलीत रेडिओ लावलेला, कारण भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड.

काम झाल्यावर कार्बन जाळायचा. नवा कार्बन एकदाच वापरला असेल तर त्यावर अख्खं पान वाचता येतं, आणि रिबनवरूनही मजकूर काढता येतो. फेब्रुवारी १९६१ मध्ये सोव्हिएत लेखक वासिली ग्रॉसमन यांच्या कादंबरीसाठी केजीबीची, म्हणजे गुप्त पोलिसांची, माणसं घरी आली, तेव्हा त्यांनी हस्तलिखिताबरोबर कार्बन आणि रिबनही उचलून नेल्या. मित्रांकडे लपवलेल्या प्रतींमुळे ती कादंबरी वाचली आणि १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये छापून आली.

या सगळ्या कामात बायका फार मोठ्या संख्येने होत्या आणि मुखपृष्ठावर त्यांची नावं कधीच आली नाहीत. लेनिनग्राडच्या येलिझावेता वोरोन्यान्स्काया यांनी रशियन लेखक सोल्झेनित्सिन यांच्या ‘गुलाग’वरच्या, म्हणजे सोव्हिएत श्रमछावण्यांवरच्या, ग्रंथाचं टंकन केलं होतं. प्रत जाळून टाका असं सोल्झेनित्सिननी सांगितलं होतं, पण त्यांच्याने जाळवली नाही. ऑगस्ट १९७३ मध्ये केजीबीने काही दिवस चौकशी केली, त्यांनी लपवलेली जागा सांगितली, आणि घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत त्या मृतावस्थेत सापडल्या. त्यानंतर सोल्झेनित्सिननी परदेशात छापायला संमती दिली आणि डिसेंबर १९७३ मध्ये पॅरिसमध्ये पहिला खंड निघाला. या पुस्तकाबद्दल बोलताना वोरोन्यान्स्काया यांचं नाव घेतलं जावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

‘समिझदात’ हा शब्द कुठून आला?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, निपाणी

‘सम’ म्हणजे स्वतः, ‘इझदात’ हा प्रकाशनगृह या अर्थाच्या शब्दाचा तुकडा. सरकारी प्रकाशनगृहांची नावं ‘गोसइझदात’, ‘पोलितइझदात’ अशी असत. त्यावर कोटी करून निकोलाय ग्लाझकोव्ह या कवीने १९४० च्या दशकात आपल्या टंकलिखित कवितांवर ‘समसेब्याइझदात’, म्हणजे ‘माझं मीच प्रकाशन’, असं लिहायला सुरुवात केली. पुढे शब्द आखूड झाला. परदेशात छापून चोरून परत आणलेल्याला ‘तमिझदात’ म्हणत, ‘तम’ म्हणजे तिकडे. पोलंडमध्ये वेगळा शब्द होता: ‘दुसरं वितरण’. पहिलं सरकारी, दुसरं आपलं.

कार्बनच्या प्रती हातोहात जात असतील तर बातमी खरी की अफवा, हे कसं ठरवत? आमच्याकडे मोबाइलवर सकाळी आलेली बातमी संध्याकाळी खोटी ठरते.
— एक वार्ताहर, हुक्केरी

यासाठी मॉस्कोहून निघणाऱ्या ‘चालू घटनांची बखर’ या पत्रिकेची पद्धत बघावी. पहिला अंक ३० एप्रिल १९६८ चा, पहिल्या संपादक नताल्या गोर्बानेव्हस्काया या कवयित्री. मुखपृष्ठावर मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचं १९ वं कलम छापलेलं असे, म्हणजे मत बाळगण्याचा आणि माहिती मिळवण्या-देण्याचा हक्क. संपादकाचं नाव नाही, पत्ता नाही.

मग बातमी पाठवायची कुठे? १९६८ च्याच पाचव्या अंकात उत्तर दिलं होतं: ज्याने तुम्हाला हा अंक दिला त्यालाच माहिती सांगा, तो त्याला देणाऱ्याला सांगेल. पण ही साखळी स्वतः शेवटपर्यंत शोधत जाऊ नका, नाहीतर लोक तुम्हाला खबऱ्या समजतील. अंक ज्या वाटेने खाली येई त्याच वाटेने बातमी वर जाई, आणि प्रत्येकाला फक्त अलीकडचा आणि पलीकडचा माणूस माहीत. एक कडी पकडली गेली तर दोनच नावं धोक्यात.

मजकूर अगदी कोरडा. कुणाला अटक, कुठल्या तारखेला, कुठल्या कलमाखाली, खटल्यात काय झालं, शिक्षा किती. विशेषणं नाहीत. सरकारला शिव्या नाहीत. आधीच्या अंकात चूक झाली असेल तर पुढच्या अंकात दुरुस्ती. याला कारण होतं. सप्टेंबर १९६६ मध्ये दंडसंहितेत आणलेल्या कलम १९०-१ खाली सोव्हिएत व्यवस्थेबद्दल ‘जाणूनबुजून खोटी’ माहिती पसरवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होती. बातमी खरी असली की आरोप निदान नैतिकदृष्ट्या तरी पोकळ पडे. न्यायालयं शिक्षा देतच राहिली. सोव्हिएतविरोधी प्रचाराबद्दलचं कलम ७० तर आणखी कडक: सात वर्षांपर्यंत कैद आणि वर पाच वर्षांपर्यंत हद्दपारी. गोर्बानेव्हस्काया यांना डिसेंबर १९६९ मध्ये अटक झाली आणि मनोरुग्णालयात डांबलं गेलं. पत्रिका दुसऱ्यांनी चालू ठेवली.

चुका शिरण्याची खरी जागा नक्कल करताना. एकाने पाच प्रती काढल्या आणि त्या मिळालेल्या प्रत्येकाने पुन्हा पाच-पाच, तर तिसऱ्या फेरीला १२५ होतात, पण पहिल्या फेरीत चुकलेली तारीख त्या सगळ्यांत जाते. आपल्याकडे ज्ञानेश्वरीचं हेच झालं होतं. नकला करता करता पाठ बिघडले आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना प्रती जमवून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. हातांनी पसरणाऱ्या मजकुराला मूळ प्रत सांभाळणारा कुणीतरी लागतोच.

आमचं खडेबाजारात लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्यांचं स्क्रीन प्रिंटिंग आहे. पोलंडमध्ये लाकडी चौकटीवर वर्तमानपत्र काढत असं लेखात होतं. ते आमच्यासारखंच का? शाई कुठली? तासाला किती?
— स्क्रीन प्रिंटर, बेळगाव

तुमच्यासारखंच, तुम्ही ते यंत्र पाहताक्षणी ओळखाल. पोलिश भाषेत त्याला ‘रामका’ म्हणजे छोटी चौकट म्हणत. लाकडी चौकटीवर बारीक विणीचं रेशीम किंवा नायलॉन ताणायचं, चौकट बिजागरीने पाटावर बसवायची, खाली मजकूर टाइप केलेलं मेणाचं स्टेन्सिल चिकटवायचं, वरून शाई ओढायची. टाइप करताना यंत्राची रिबन काढून ठेवायची, म्हणजे अक्षराची धार मेण कापते. एक जण स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, ओढतो, दुसरा कागद घालतो-काढतो. सवय झाल्यावर दोघे तासाला काहीशे कागद काढतात. वीज लागत नाही, आवाज होत नाही, आणि धाड पडली तर चौकट मोडून चुलीत घालता येते. हंगेरीच्या लोकांनी ही पद्धत पोलंडकडूनच शिकून घेतली. बुडापेस्टच्या गाबोर देम्स्की यांच्या प्रकाशनाचं काम अशाच चौकटीवर सुरू झालं.

शाई दुकानात मागायची सोय नव्हती. छपाईची काळी शाई धुण्याच्या पेस्टमध्ये घोटून मिश्रण करत. पेस्टमुळे शाईला हवा तो घट्टपणा येई आणि जाळी पाण्याने धुता येई, त्यामुळे रॉकेल-टर्पेंटाइनचा वास जिन्यात जात नसे. मिश्रण सैल झालं की अक्षर पसरतं आणि कागदाच्या मागे डाग उमटतो, घट्ट झालं की ‘ओ’ आणि ‘ए’ची पोटं भरून जातात. मेणाचं स्टेन्सिल जपून वापरलं तर हजाराच्या आसपास प्रती देतं, मग कोपऱ्यातून फाटायला लागतं. पुढे तुम्ही करता तसं प्रकाशाने उमटवलेलं स्टेन्सिल आलं. पॉझिटिव्ह फिल्मवर मजकूर छायाचित्राने लहान करून घ्यायचा, डायक्रोमेटचा, म्हणजे प्रकाशाने कडक होणारा, थर दिलेल्या जाळीवर दिव्याखाली धरायचा, पाण्याने धुवायचा. लहान केल्यामुळे एका कागदावर पुस्तकाची चार पानं मावत. जुनी पोलिश भूमिगत पुस्तकं भिंगाखेरीज वाचवत नाहीत, त्याचं कारण हेच.

तुम्हाला छापण्यापेक्षा वाळवण्याची आणि वाहण्याची अडचण जास्त पटेल. ओली पानं थेट थप्पीत ठेवली तर पाठीला डाग, म्हणून खोलीभर दोऱ्या. आणि वजन: दोन्ही बाजूंनी छापलेल्या एका कागदाच्या पत्रकाच्या १०,००० प्रती म्हणजे २० रिमं. ८० ग्रॅमवाल्या ए-फोर कागदाचं रिम अडीच किलोचं, म्हणजे ५० किलो. एवढं ओझं जिन्यावरून चढवताना शेजारी बघणारच. म्हणून छापणारी माणसं शिधा घेऊन एका घरात शिरत आणि काम संपेपर्यंत, कधी कधी अनेक दिवस, बाहेर पडत नसत.

१३ डिसेंबर १९८१ ला पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला, त्यानंतर ‘टिगोड्निक माझोव्शे’ या साप्ताहिकाने वेगळा मार्ग काढला. संपादक मंडळ, ज्यात पुन्हा बहुतेक स्त्रिया होत्या, मजकुराची मूळ पानं तयार करी आणि छपाई वेगवेगळ्या ठिकाणी होई. एक छापखाना पकडला गेला तरी अंक बाहेर. १९८२ ते १९८९ या काळात त्याचे २९० अंक निघाले. लग्नपत्रिकांच्या हंगामात तुम्ही काम तीन दुकानांत वाटून देता, तीच युक्ती.

टाइप केलेल्या कागदावरून यंत्र ओळखता येतं का?
— चिकोडी

येतं. प्रत्येक यंत्राचं एखादं अक्षर वर उडालेलं असतं, एखाद्याचा पाय झिजलेला असतो, दोन अक्षरांतलं अंतर कमीजास्त असतं. रुमानियात चाउशेस्कूच्या सरकारने २८ मार्च १९८३ च्या हुकमाने प्रत्येक टाइपरायटरची पोलिसांकडे नोंदणी सक्तीची केली. दरवर्षी, आणि दुरुस्तीनंतरही, सर्व अक्षरांचा-आकड्यांचा नमुना द्यावा लागे. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोकादायक ठरवलेल्या माणसाला यंत्र बाळगायलाच परवानगी नसे.

या पुस्तकांना बांधणी, किंमत, लेखकाचं नाव असे काही असे का? वाचनालयात नोंदवायचं तर कसं नोंदवणार?
— ग्रंथपाल, सीमाभागातील एक वाचनालय

प्रागमधल्या ‘पेट्लिट्से’ मालिकेला, म्हणजे ‘कडीकुलूप’ मालिकेला, हे सगळं होतं. लुडविक वात्सुलिक यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती चालू केली. एका वेळी डझनभर प्रती टाइप होत, कापडी बांधणी केली जाई, प्रत्येक प्रतीवर लेखकाची सही. किंमत टंकलेखिकेची मजुरी, कागद आणि बांधणी भागेल एवढी. आणि पहिल्या पानावर सूचना: या हस्तलिखिताची पुढे नक्कल करण्यास मनाई आहे. चौकशी झाली तर लेखकाला म्हणता यावं, मी मित्रांना हस्तलिखित वाचायला दिलं, प्रकाशन केलं नाही. पूर्व जर्मनीत हेच काम ‘फक्त चर्चच्या अंतर्गत वापरासाठी’ या ओळीने केलं. नोंदवहीत ‘टंकलिखित, सहीची प्रत’ असं लिहिलं तर पुरे.

आम्ही लाल बावट्याखाली विडी कामगारांचे मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. तुम्ही लोक कम्युनिस्टांना वाईट ठरवायला निघालात की काय? हे सगळे अमेरिकेचे पैसे खाणारे होते असं आम्ही ऐकलंय.
— जुना कार्यकर्ता, निपाणी

तुमचा राग समजतो आणि निपाणीच्या त्या लढ्याचा आदर आहे. म्हणूनच हे उत्तर नीट वाचा. पोलंडचे यात्सेक कुरोन आणि कारोल मोझेलेव्हस्की हे स्वतः मार्क्सवादी. कामगारांच्या नावाने नोकरशाहीच कामगारांना पिळते आहे, असं त्यांनी पक्षाला उघड पत्रात लिहिलं आणि १९६५ मध्ये कुरोनना तीन, मोझेलेव्हस्कींना साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. जून १९७६ मध्ये अन्नधान्याच्या दरवाढीविरुद्ध रादोम आणि उर्सुसचे कामगार रस्त्यावर आले. त्यांना बडवलं गेलं, कामावरून काढलं गेलं. त्यांच्या घरच्यांना पैसे आणि वकील मिळवून द्यायला २३ सप्टेंबर १९७६ ला कामगार संरक्षण समिती स्थापन झाली. तिच्या आसपासच्या लोकांनी १९७७ मध्ये जे पत्र काढलं त्याचं नाव ‘रोबोत्निक’, म्हणजे ‘कामगार’. सुरक्षेच्या मागण्या कशा लिहायच्या, संप कसा करायचा, हे त्यात छापलेलं असे.

पैशांचं म्हणाल तर बाहेरून मदत आली, हे खरं. पॅरिसजवळून निघणाऱ्या ‘कुल्तुरा’ या पोलिश मासिकाच्या मंडळींनी पुस्तकं पाठवली, स्वीडनहून डुप्लिकेटर लपवून आणले गेले, अमेरिकेतूनही पैसा आला. पण रात्री स्क्वीजी ओढणारा हात पॅरिसचा किंवा वॉशिंग्टनचा नव्हता. तो उर्सुसच्या ट्रॅक्टर कारखान्यातल्या माणसाचा होता आणि पकडला गेल्यावर तुरुंगातही तोच गेला. ज्या राज्यात कामगाराला स्वतःचं पत्रक काढता येत नाही, त्या राज्यात तुमचा मोर्चाही निघाला नसता.

वडिलांच्या ट्रंकेत गोवा मुक्तीच्या आणि सीमा लढ्याच्या काळातली पत्रकं सापडली. काही जांभळ्या अक्षरांची, काही काळी. कागद पिवळा पडलाय, कडा तुटतात. लॅमिनेशन करावं का?
— शहापूर, बेळगाव

करू नका. लॅमिनेशनची उष्णता आणि प्लास्टिक कागदातून परत काढता येत नाही. सेलोटेपही नको, त्याचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो.

आधी दोन ढीग करा. काळी अक्षरं सायक्लोस्टाइलची किंवा कार्बनची, म्हणजे काजळीची. ती उडत नाहीत, तिथे फक्त कागद जपायचा. जांभळी अक्षरं स्पिरिट डुप्लिकेटरची किंवा हेक्टोग्राफची, ॲनिलीन रंगाची. ती उजेडात विटतात. त्यांचे फोटो आजच काढा, सावलीत, फ्लॅश न वापरता. झेरॉक्सच्या प्रखर दिव्याखाली पुन्हा पुन्हा घालू नका.

गंजलेल्या टाचण्या ओढू नका. कागदाखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून टाचणीचे पाय हलके वर करा. पानं उलगडून सपाट ठेवा, दोन पानांमध्ये आम्लरहित कागद घाला. तो मिळेपर्यंत साधा पांढरा कागद चालेल, वर्तमानपत्राचा नको, कारण त्याचंच आम्ल यात उतरतं. ट्रंक जमिनीवर नको आणि बाहेरच्या भिंतीला लागून नको. बेळगावचा जून ते सप्टेंबर कागदाला कसर आणि बुरशी दोन्ही लावतो, म्हणून दमट दिवसांत ट्रंक उघडू नका. दिवाळीनंतर कोरड्या हवेत उघडा, पानं सावलीत वारा खाऊ द्या, उन्हात घालू नका.

प्रत्येक पत्रकामागे मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, ते कुणाकडे आणि कशात सापडलं एवढं लिहा. प्रागमध्ये यिर्झी ग्रुंतोराद यांनी १९९० मध्ये ‘लिब्री प्रोहिबिती’ हे निषिद्ध पुस्तकांचं ग्रंथालय उभं केलं, ते अशाच घरोघरच्या ठेव्यांतून. वडिलांच्या हस्ताक्षरातल्या वाटपाच्या याद्या मिळाल्या तर त्या वेगळ्या पाकिटात ठेवा. त्यांतल्या माणसांच्या घरी विचारल्याशिवाय कुठेही छापू नका.